हिरकणीची वाट, डाइक्स्ट्राची वाट

रायगडाच्या रोपवेचं खालचं स्टेशन ज्या वाडीत आहे तिचं नाव हिरकणीवाडी. महाडहून पाचाडकडे यायचं, पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी आणि वाड्याचे अवशेष बघायचे, आणि थोडं पुढे गेलं की ही वाडी. बहुतेक लोक इथे तिकिटाच्या रांगेपुरते थांबतात. पाळण्यात बसलं की काही मिनिटांत माणूस गडावर. खाली बघितलं तर पायाखालून काळा कातळ सरकत जातो. वाडीला जिचं नाव आहे ती बाई हाच डोंगर रात्री, चांदण्यात, हातापायांनी उतरली अशी कथा आहे.

कथा मराठी माणसाला सांगायला नको, पण पुढच्या मुद्द्यासाठी थोडक्यात उजळणी. हिरकणी गवळण. गडावर दूध घालायला गेली. कोजागिरीचा दिवस. परतायला उशीर झाला, आणि तोफ होऊन दरवाजे बंद झाले. महाराजांच्या हुकुमाशिवाय ते सकाळपर्यंत उघडायचे नाहीत. घरी तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी ऐकलं नाही. मग ती पश्चिमेच्या कड्यावरून उतरली, झाडाझुडपांनी ओरबाडलेली, रक्तबंबाळ अशी घरी पोचली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिला साडीचोळी देऊन गौरवलं, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. तोच हिरकणी बुरूज.

आता, शिवकाळातल्या कुठल्याही अस्सल कागदात ही कथा नाही. ही लोककथाच आहे. पण लोककथा म्हणून ती इतकी पक्की रुजलीय की एसटीच्या निमआराम गाड्यांना तिचं नाव मिळालं, स्टँडवरच्या बाळाला पाजायच्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' म्हणतात, आणि २०१९ साली तिच्यावर सिनेमाही आला. या सगळ्यात तिच्या आईपणाचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र या कथेतल्या दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल वाटत आलंय. तिने वाट कशी शोधली असेल? आणि वाट सापडल्यावर त्या वाटेचं काय झालं?

'अडथळा चुकवून वाट काढणे' हा संगणकशास्त्रातला एक जुना आणि मोठा प्रश्न आहे. आज आपल्या फोनमधला नकाशा, गोदामात फिरणारे रोबो, मंगळावरच्या गाड्या, व्हिडिओ गेममधले सैनिक, सगळे हाच प्रश्न सोडवत असतात. त्याचा इतिहास हिरकणीच्या कथेशेजारी ठेवून बघितला तर दोन्हीकडे थोडा उजेड पडतो असं मला वाटतं. तर तसा प्रयत्न करतो.

*

सुरुवात १९५६ पासून. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत 'आर्माक' नावाचा नवा संगणक तयार झाला होता. तो लोकांना दाखवायचा तर त्याच्याकडून असं काहीतरी करून घ्यायला हवं होतं जे सामान्य माणसाला कळेल. एड्सगर डाइक्स्ट्रा तिथे काम करत होते, वय सव्वीस. एक दिवस वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेबाहेर कॉफी पीत बसले आणि विचार करू लागले, की रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वात जवळचा रस्ता संगणकाने कसा शोधावा? वीसेक मिनिटांत उत्तर सुचलं. जवळ ना कागद होता ना पेन्सिल. नंतर एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की कागद नसल्यामुळेच ती रीत इतकी साधी झाली, कारण जी गुंतागुंत टाळता येईल ती टाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रात्यक्षिकासाठी ६४ डच शहरांचा सोपा नकाशा घेतला. ही रीत छापून आली ती १९५९ साली, जेमतेम तीन पानांच्या लेखात.

रीत खरंच साधी आहे. महाडहून पुण्याला जायचंय असं समजा. वरंध्यानं भोरवरून जाता येतं, पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर-वाईवरून जाता येतं, किंवा मागे माणगावला येऊन ताम्हिणीनं. डाइक्स्ट्रा म्हणतात, आधी महाडच्या सगळ्या शेजारी गावांचं अंतर लिहा. त्यातलं सर्वात जवळचं गाव घ्या, त्याचा हिशोब पक्का झाला. आता त्या गावावरून पुढच्या शेजाऱ्यांपर्यंतची अंतरं मांडा, आणि आधी लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी निघालं तर आकडा बदला. मग उरलेल्यांतलं सर्वात जवळचं गाव घ्या. असं करत राहा. अंगणात पाणी ओतलं की ते जसं जवळच्या सखलातून आधी आणि लांबच्यातून नंतर पसरत जातं, तसा हा हिशोब चारी दिशांना पसरतो. ज्या क्षणी पुणं 'पक्कं' होतं, त्या क्षणी रस्ता सापडला. अंतराच्या जागी वेळ धरला, पेट्रोल धरलं, टोल धरला तरी रीत तीच. अट एकच, कुठलाही आकडा शून्याच्या खाली नसावा.

पण हा हिशोब फार भाबडा आहे. पुणं पूर्वेला आहे हे माहीत असूनही तो पश्चिमेला समुद्राकडे तितक्याच निष्ठेने पसरतो. यावर उपाय निघाला १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. तिथे 'शेकी' नावाचा एक चाकांचा, डगमगत चालणारा रोबो होता. खोल्यांतून, ठोकळ्यांना वळसा घालून तो इकडून तिकडे जायचा. त्याच्यासाठी पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल या तिघांनी 'ए-स्टार' नावाची रीत मांडली. डाइक्स्ट्रा फक्त 'इथपर्यंत किती चाललो' एवढंच बघतो. ए-स्टार त्यात 'इथून अजून किती उरलं असेल' याचा अंदाज मिळवतो, आणि बेरीज ज्या जागेची कमी तिकडे आधी जातो. अंदाज म्हणून सरळ रेषेतलं अंतर धरलं तरी चालतं. गंमत अशी, की हा अंदाज कधीच खऱ्यापेक्षा जास्त नसेल, म्हणजे नेहमी आशावादीच असेल, तर सापडणारा रस्ता सर्वात कमी अंतराचाच असतो. त्या तिघांनी हे सिद्ध करून दाखवलं.

सह्याद्रीत मात्र या आशावादाची परीक्षा होते. हवा स्वच्छ असेल तर रायगडावरून राजगड आणि तोरणा दिसतात. डोळ्याला वाटतं, हे काय, समोर तर आहेत! आणि मध्ये दऱ्या, घाटमाथ्याची भिंत. अशा ठिकाणी ए-स्टारची उत्तरं चुकत नाहीत, पण त्याची धावपळ फार होते. सरळ रेषेच्या मोहाने तो एखाद्या घळीत शिरतो, ती पूर्ण धुंडाळतो, शेवटी कडा लागतो, मग मागे. डोंगरात नवख्या माणसाचं जे होतं तेच.

*

आता हिरकणीकडे. तिच्याजवळ नकाशा होता का? एका अर्थी होता. ती त्याच डोंगराच्या पायथ्याची. गुरं कुठवर चढतात, पावसाळ्यात पाणी कुठून कोसळतं, गवत कुठे धरतं, हे तिला खालून माहीत असणार. पण कड्याच्या वरच्या अंगाला, रात्री, पुढचा हात कुठे टेकवायचा हे नकाशात नसतं. तिथे उरतो तो स्पर्श.

फक्त स्पर्शावर वाट काढणाऱ्या रोबोंचाही अभ्यास झालाय. १९८० च्या दशकात व्लादिमिर ल्युमेल्स्की आणि अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी अशा रीती मांडल्या आणि त्यांना नाव पडलं 'बग', म्हणजे किडा. किड्याला नकाशा नाही. त्याला एवढंच ठाऊक की आपण कुठे आहोत आणि आपलं ठिकाण कुठल्या दिशेला आहे. तो सरळ निघतो. अडथळा लागला की त्याच्या कडेला चिकटून पूर्ण फेरी मारतो, त्या फेरीत ठिकाणापासून सर्वात जवळची जागा कुठली हे लक्षात ठेवतो, त्या जागी परत येतो आणि तिथून पुन्हा सरळ निघतो. रस्ता सर्वात छोटा निघेल याची हमी नाही. पण वाट असेल तर ती सापडतेच, आणि नसेल तर 'वाट नाही' हे कळतं, एवढी हमी आहे. कमी माहितीवर एवढं मिळणं म्हणजे थोडं नाही.

किड्याला एक सोय आहे जी हिरकणीला नव्हती. तो पडत नाही. चुकला तर मागे येतो. कड्यावर काही पावलं अशी असतात की पुढे टाकता येतात, मागे घेता येत नाहीत.

*

या शास्त्रातली मला सर्वात आवडलेली कल्पना १९७९ ची आहे. तोमास लोझानो-पेरेझ आणि मायकेल वेस्ली यांनी ती नीट मांडली. रोबोला स्वतःचं आकारमान असतं. तो ठिपका नसतो. दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीतून तो जाईल का हे त्याच्या अंगावर अवलंबून. मग त्यांनी युक्ती केली. रोबोला आक्रसून ठिपका करायचा, आणि तेवढ्याच मापाने अडथळे फुगवायचे. मग ठिपक्याला वाट काढणं सोपं. पण त्यातून एक गोष्ट आपोआप निघते, की अडथळा किती मोठा हे एकट्या अडथळ्यावरून ठरत नाही. तो कोणाला ओलांडायचाय यावरून ठरतं. मोठ्या रोबोच्या जगात जी भिंत, ती छोट्याच्या जगात दरवाजा.

रायगडाचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो असं वाटतं. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. त्याच्या नोंदीचा सारांश असा, की हा डोंगर माणसाच्या कसबापेक्षा निसर्गानेच जास्त मजबूत केलाय. वर यायला एकच वाट, बाकी सगळीकडे सरळ कडा, आणि आतल्याने फितुरी केल्याशिवाय तो पडायचा नाही. घोडी, तोफा, दाणागोटा घेऊन येणाऱ्या फौजेच्या मापाने त्याचं म्हणणं खरंच होतं. फौज हा फार मोठ्या आकाराचा रोबो. तिच्यासाठी कडा फुगून अख्खा डोंगर होतो. एकट्या, हलक्या, अनवाणी, डोंगरातच वाढलेल्या बाईसाठी तोच कडा आक्रसतो, त्यात भेगा दिसू लागतात.

गड बांधणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये एक कथा दिलीय. गड पुरा झाल्यावर महाराजांनी सभा भरवली, सोन्याची थैली आणि कडं ठेवलं आणि जाहीर केलं, की दरवाजा सोडून, दोर-शिडी न लावता जो कोणी वर येईल त्याला हे मिळेल. एक महार चढून गेला, वर निशाण रोवून परत आला आणि मुजरा केला. त्याला बक्षीस मिळालं, आणि ती वाट बंद करण्यात आली. हीसुद्धा कथाच. पण आजच्या कंपन्या आपल्याच संगणकात शिरून दाखवणाऱ्याला बक्षीस लावतात, ते यापेक्षा वेगळं काय आहे?

दुसरी बाजूही त्यांना ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा दोष म्हटलाय, आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात असं सांगितलंय. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एकच वाट दिसावी, आतल्याला मात्र आणखी असाव्यात. रायगडाचा वाघ दरवाजा त्या जातीचा. एप्रिल १६८९ मध्ये, संभाजी महाराजांच्या वधानंतर झुल्फिकारखानाचा वेढा पडत असताना, राजाराम महाराज गडावरून निसटून प्रतापगडाला गेले, ते याच दरवाजाने असं परंपरा सांगते. पुढे ते पार जिंजीला पोचले. येसूबाई आणि लहानगे शाहूराजे मागे राहिले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गड गेला तेव्हा मोगलांच्या हाती लागले. वाट होती, पण ती सगळ्यांसाठी नव्हती.

आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या तेव्हा कड्याचा काही उपयोग झाला नाही. तोफगोळ्याला पायऱ्या लागत नाहीत. त्याच्या जगात कडा नावाचा अडथळाच नसतो.

*

महाडमध्ये याच विचाराचं एक वेगळं उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे नकाशावर वाट उघडी झाली. तळ्याच्या काठाला भिंत नव्हती, कडा नव्हता, दरवाजा नव्हता. तरी कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत गेले आणि ते पाणी प्यायले, तेव्हा ती वाट जमिनीवर उमटली. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि हक्काचा कोर्टातला निकाल हायकोर्टातून लागायला १९३७ उजाडलं. कागदावरची रेघ आणि पायाखालची वाट यांत किती अंतर असू शकतं हे सांगायला यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

उलटंही होतं. नकाशावर वाट असते आणि जमिनीवर नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला. अंधार, पाऊस. रस्ता नेहमीचा, ड्रायव्हर नेहमीचे. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली. त्या गाड्यांची वाट काही चुकली नव्हती. नकाशा जुना झाला होता, काही मिनिटांनी. जवळच्या गॅरेजवरच्या एका माणसाच्या हे लक्षात आलं आणि त्याने पुढची वाहनं थांबवायला लावली. नवा पूल २०१७ च्या पावसाळ्याआधी उभा राहिला.

वाट शोधण्याच्या शास्त्रात या प्रश्नावरही काम आहे. १९९४ मध्ये अँथनी स्टेंट्झ यांनी 'डी-स्टार' ही रीत मांडली. ठाऊक नसलेली जमीन मोकळी आहे असं धरून रोबो निघतो, अडथळा दिसला की नकाशा दुरुस्त करतो, आणि सगळा हिशोब पहिल्यापासून न मांडता जेवढा बिघडला तेवढाच सुधारतो. तिच्या वंशातली एक रीत पुढे मंगळावरच्या गाड्यांनी वापरली. पण त्यासाठी आधी अडथळा दिसावा लागतो. न दिसलेल्या अडथळ्याला गणितात उत्तर नाही. तिथे कुणीतरी रस्त्यात उभं राहून हात हलवावा लागतो.

दर पावसाळ्यात वरंध्याला, आंबेनळीला दरड कोसळते, रस्ता बंद झाल्याची पाटी लागते. फोनमधला नकाशा कधी ते जाणतो, कधी नाही. इथले लोक म्हणून फोनआधी घाटाखालच्या हॉटेलात विचारतात, "वरून कोणी आलंय का?" वरून एखादी गाडी आली असेल तर वाट आहे. हाही अल्गोरिदमच.

*

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न. सापडलेल्या वाटेचं काय झालं?

दोन्ही कथांत ती बंद झाली. महाराची वाट बंद झाली, हिरकणीच्या वाटेवर बुरूज आला. राजधानीच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रूचा माणूस चढू शकतो, आणि गडाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला हे बघावंच लागतं. गौरव आणि बंदोबस्त दोन्ही एकाच दिवशी झाले, आणि दोन्ही मनापासून झाले असं कथा सांगते. तरी मला राहून राहून वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरी कोणी गवळण तोफेनंतर गडावर अडकली असती तर? कथेत दरवाजाचा नियम बदलल्याचं कुठे येत नाही. 'तान्हं मूल घरी असलेल्या बाईला रात्री सोडावं' असा हुकूम निघाल्याचं कोणी सांगत नाही. बुरूज तेवढा आठवणीत राहिला.

डाइक्स्ट्रापासून स्टेंट्झपर्यंत सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय. प्रत्येक वाटेवर आधीच एक किंमत लिहिलेली आहे, ती कोणीतरी ठरवून दिलीय, आपण फक्त बेरीज करायची. पहारेकऱ्याच्या हिशोबात त्या कड्याची किंमत अनंत होती, म्हणून तिथे पहाराच नव्हता. हिरकणीच्या हिशोबात सकाळपर्यंत थांबण्याची किंमत अनंत होती. डोंगर एकच, आकडे वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. वाट शोधायची हुशारी आज यंत्रांना भरपूर आलीय, माझ्यापेक्षा तर नक्कीच जास्त. पण ते आकडे कोणाच्या बाजूने लिहायचे, हे अजून माणसांनीच ठरवायचं असतं. आणि बहुतेक वेळा ते दरवाजाच्या आतले लोक ठरवतात.

हिरकणी बुरूज आजही गडाच्या पश्चिम अंगाला उभा आहे. पाळण्यातून जाणारा बघताना नेमकं काय बघायचं ते विसरतो, कारण बुरूज दिसतो आणि वाट दिसत नाही. जमलं तर बुरुजाच्या खालचा कातळ जरा वेळ बघावा. एवढंच.